पार्श्वभूमी : आपल्याच बुटाचे पट्टे ओढून वर येण्याची गोष्ट

फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीसमोर गरिबीवर सुनावणी चालू होती. ‘बूटस्ट्रॅप (बुटाचे पट्टे) धरून स्वतःच स्वतःला वर खेचा’ हा गरिबांना केला जाणारा उपदेश शारीरिकदृष्ट्याच अशक्य आहे, ही सगळी थट्टाच आहे, असं न्यूयॉर्कच्या एका तरुण खासदारबाईंनी तिथे सांगितलं. त्यानंतर विरोधकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. वाक्प्रचार शब्दशः घ्यायचा नसतो एवढंही यांना कळत नाही का, असा एकूण सूर होता. टिंगल करणाऱ्यांचाच इतिहास कच्चा होता. या वाक्प्रचाराचं बरंचसं आयुष्य अशक्य गोष्टीची खिल्ली उडवण्यात गेलं आहे. खिल्लीचा उपदेश कसा झाला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आधार घेणाऱ्याला नावं ठेवण्याची चाल इंग्रजीत तशी उशिराची. जुन्या वाक्प्रचारांत टेकायचं की नाही हा प्रश्नच नसतो, कशावर टेकायचं एवढाच असतो. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये असिरियाचा दूत जेरुसलेमच्या राजाला खिजवतो, की तू इजिप्तवर विसंबतोस म्हणजे मोडक्या बोरूच्या काठीवर टेकतोस, ती तुझ्याच तळहातात घुसेल. ‘ब्रोकन रीड’ तिथलं. यात दोष काठीचा आहे, टेकणाऱ्याचा नाही. पुढे दर्यावर्दी इंग्रजांनी जहाजावरचे शब्द घरात आणले. मधली डोलकाठी पुढच्या बाजूने ताणून धरणारा जाड दोर म्हणजे ‘मेनस्टे’. वादळात शेवटचा उपाय म्हणून सोडायचा सर्वांत मोठा नांगर म्हणजे ‘शीट अँकर’. एक बाजू धरून खेळणाऱ्या फलंदाजाला शीट अँकर म्हणणाऱ्या आपल्या समालोचकांपैकी कितीजणांना तो नांगर ठाऊक असेल कोण जाणे. असो. डोलकाठीला दोर लागतो याची कुणी लाज बाळगत नाही, आणि त्या काळच्या बोलण्यातही ती दिसत नाही.

‘डिपेंडन्स’ या शब्दाचंही तसंच होतं, फक्त त्याला एक टोक होतं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात कुणावर तरी अवलंबून असणं ही बहुसंख्यांची रीतसर सामाजिक जागा होती. नोकर धन्यावर, कूळ जमीनदारावर, बायको नवऱ्यावर. मजुरीवर जगणाराही त्यातच मोडे, कारण त्याचं पोट दुसऱ्याच्या मर्जीवर. १७६५ मध्ये छापायला सुरुवात झालेल्या इंग्लिश कायद्यावरच्या एका प्रसिद्ध भाष्यात मतदानासाठी मालमत्तेची अट का, याचं उत्तर सरळ दिलेलं आहे: ज्यांची परिस्थिती इतकी हलाखीची, की त्यांना स्वतःची इच्छा आहे असं मानताच येत नाही, त्यांना वगळण्यासाठी. हे वाचताना आज अंगावर काटा येतो, पण त्यात एक प्रामाणिकपणा आहे. अवलंबून असणं हा स्वभावदोष मानलेला नाही, परिस्थिती मानलेली आहे. मजूर आळशी आहे असं तिथे म्हटलेलं नाही, तो दुसऱ्याच्या हाताखाली आहे इतकंच म्हटलंय.

मग कारखाने आले, मजुरीला प्रतिष्ठा आली, हळूहळू मजुरांना मतही मिळालं. ज्याला मजुरी तो ‘स्वतंत्र’ ठरल्यावर परावलंबी म्हणून उरले ते मजुरी नसलेले. इंग्लंडात १६०१ च्या कायद्यापासून गरिबांना पोसायची जबाबदारी स्थानिक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावावर होती. ‘ऑन द पॅरिश’ जाणं म्हणजे गावाच्या मदतीवर जगणं. १८३४ मध्ये हा कायदा बदलला. नव्या तत्त्वानुसार मदत घेणाऱ्याची अवस्था बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट ठेवायची होती, म्हणजे कुणी हौसेने येणार नाही. त्यासाठी वर्कहाउस, म्हणजे गरिबांना ठेवून घेऊन राबवणारी घरं उभारली गेली. तिथे नवरा, बायको आणि मुलं यांना वेगवेगळ्या विभागांत ठेवत. परावलंबनाला लाज चिकटली ती इथे, आणि कायद्याने चिकटवली.

योगायोग असा की बूटस्ट्रॅपचा सर्वांत जुना म्हणून सांगितला जाणारा छापील उल्लेखही १८३४ चाच, मात्र अटलांटिकच्या पलीकडचा. टेनेसीतल्या नॅशव्हिलमधल्या एका गृहस्थाने जाहीर केलं की आपल्याला शाश्वत गतीचं यंत्र सापडलं आहे, म्हणजे एकदा चालू केलं की इंधनाशिवाय कायम फिरत राहणारं. वृत्तपत्रांनी त्याला धारेवर धरलं. एकाने लिहिलं, की आता हे महाशय आपल्याच बुटांचे पट्टे धरून स्वतःला कंबरलँड नदीपलीकडे किंवा गोठ्याच्या कुंपणावरून पोहोचवतील असा अंदाज आहे. गंमत अशी की ते वृत्तपत्र कामगारांच्या बाजूचं होतं.

इथे या पट्ट्याबद्दल सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या चपला-सँडलींना तो नसतो. उंच कातडी बूट पायात चढवायचा तर तो वरून धरून ओढावा लागतो. त्यासाठी वरच्या काठाला कातड्याची किंवा कापडाची कडी शिवलेली असते. बोटं अडकवायची, ओढायचं, बूट चढला की काम संपलं. त्या कडीने बूट वर येतो, माणूस येत नाही.

पुढची पन्नास-साठ वर्षं हा शब्दप्रयोग असाच चालला. १८६० च्या सुमारास मनाच्या तत्त्वज्ञानावर लिहिणाऱ्या एकाने टोमणा मारला, की मनाने स्वतःचंच पृथक्करण करू पाहणं म्हणजे स्वतःच्या बूटस्ट्रॅपने स्वतःला उचलण्यासारखं आहे. १८८८ च्या एका अमेरिकी शालेय भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तर तो प्रश्न म्हणूनच विचारला आहे: बूटस्ट्रॅप वर ओढून माणूस स्वतःला का उचलू शकत नाही? उत्तर शाळकरीच आहे. हात पट्टा जितक्या जोराने वर ओढतात, तितक्याच जोराने पट्टा हातांना खाली ओढतो. बेरीज शून्य. बाहेरून कुणी बळ लावल्याशिवाय शरीर जागचं हलत नाही. त्या पुस्तकावर वाढलेल्या मुलांच्या पिढीतच या शब्दांचा अर्थ फिरला, हे मला अजूनही पचत नाही.

मुळाबद्दल एक घोळ कायम होतो. खूपजण या वाक्प्रचाराचा उगम एका गप्पिष्ट जर्मन बॅरनच्या अठराव्या शतकातल्या बाताड्या कथांत आहे असं सांगतात. त्या कथांमध्ये दलदलीत रुतलेला बॅरन घोड्यासकट बाहेर येतो खरा, पण तो स्वतःच्या केसांची शेंडी धरून. बूट तिथे नाहीत. कल्पना सख्खी, शब्द वेगळे. तरीही चूक इतकी रुजली, की १९७९ मध्ये एका अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने हाती असलेल्या नमुन्यातूनच पुन्हापुन्हा नमुने काढण्याच्या पद्धतीला ‘बूटस्ट्रॅप’ नाव दिलं, तेव्हा पुढे त्याचं श्रेयही बॅरनच्याच पदरात टाकलं गेलं.

अर्थ नेमका कधी उलटला, यावर कोशकारांचं भांडण आहे. १९२२ मध्ये छापलेल्या एका अवजड आयरिश कादंबरीत बूटस्ट्रॅपच्या साहाय्याने अगदी खालच्या पायरीवरून वर पोहोचलेल्या माणसांचा उल्लेख येतो, आणि नव्या अर्थाचा पुरावा म्हणून तो नेहमी पुढे केला जातो. पण ती कादंबरी इतकी खट्याळ आहे, की लेखकाला कौतुक करायचं होतं की कोपरखळी मारायची होती हे सांगणं कठीण. माझा कल कोपरखळीकडे. वर्ष काहीही असो, जमीन आधी तयार झाली होती. स्वतःच्या मदतीने स्वतः पुढे या असं सांगणारं एक स्कॉटिश पुस्तक १८५९ पासून जगभर खपत होतं. अमेरिकेत १८६८ मध्ये एक मुलांची कादंबरी आली, जिचा नायक न्यूयॉर्कच्या रस्त्यावर लोकांचे बूट पॉलिश करतो आणि शेवटी प्रतिष्ठित कारकून होतो. ‘कष्टाने वर आलेला मुलगा’ म्हणून आजही त्या प्रकारच्या गोष्टींचा दाखला देतात. प्रत्यक्षात त्या कथेत अंगावरचा चांगला सूट त्याला एक सधन गृहस्थ देतात, आणि नोकरी मिळते ती बुडणाऱ्या मुलाला वाचवल्याबद्दल, त्या मुलाच्या श्रीमंत बापाकडून. मुलगा मेहनती आहेच. पण त्याला वर ओढणारा हात प्रत्येक वेळी दुसऱ्याचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर शब्द सरकारी कागदावर चढला. पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर १९४७ मध्ये उसाच्या शेतीकडून कारखानदारीकडे जाण्याची योजना सुरू झाली. इंग्रजीत तिचं नाव ‘ऑपरेशन बूटस्ट्रॅप’. स्पॅनिश नावाचा अर्थ मात्र ‘चला, कामाला लागूया’ एवढाच, त्यात बूटही नाही आणि स्वतःला उचलणंही नाही. योजनेचं इंजिन होतं मुख्य भूमीवरच्या कंपन्यांना दिलेली करमाफी आणि त्यांचं भांडवल. कारखाने आले, उत्पन्न वाढलं, पण सर्वांना पुरेल इतकं काम आलं नाही आणि लाखो लोक बेट सोडून न्यूयॉर्कसारख्या शहरांत गेले. बाहेरच्या पैशावर उभ्या केलेल्या योजनेला हे नाव ज्याने सुचवलं, त्याने भौतिकशास्त्राचं ते पुस्तक नक्कीच चाळलेलं नसावं.

याच सुमारास संगणकवाल्यांनीही शब्द उचलला, आणि माझ्या मते जुन्या अर्थाशी तेच जास्त इमानदार राहिले. यंत्राला चालायला प्रोग्रॅम हवा, आणि तो आत घ्यायलाही आधी एक प्रोग्रॅम हवा. पन्नाशीच्या दशकात यावर तोड निघाली ती अशी, की बटण दाबलं की चारदोन सूचना आत येतात, त्या पुढच्या सूचना ओढून घेतात. याला बूटस्ट्रॅप म्हणू लागले. ‘कॉम्प्युटर बूट होतोय’ असं आपण मराठीत बिनदिक्कत म्हणतो, तो बूट हाच. ते बटण माणूस दाबतो, हे त्यांनी कधी लपवलं नाही.

अमेरिकेत या शब्दावर सर्वांत धारदार बोट ठेवलं गेलं ते ३१ मार्च १९६८ रोजी, वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमधल्या प्रवचनात. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते तिथे म्हणाले, की ज्याच्या पायात बूटच नाही त्याला बूटस्ट्रॅपने वर ये म्हणून सांगणं ही क्रूर थट्टा आहे. त्यांचा मुद्दा हिशेबाचा होता. १८६३ मध्ये गुलामांना मुक्तीची घोषणा मिळाली, जमीन मिळाली नाही. त्याच काळात काँग्रेस पश्चिमेकडची लाखो एकर जमीन युरोपातून आलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांना देत होती. म्हणजे बूट वाटले गेले होते, फक्त सर्वांना नाही. प्रवचनानंतर चार दिवसांनी त्यांची हत्या झाली.

इंग्लंडात प्रतिमांचा झगडा वेगळ्या वस्तूंवर झाला. १९५१ च्या निवडणुकीआधी हुजूर पक्षाच्या वयोवृद्ध नेत्याने रेडिओवर सांगितलं, की आम्ही शिडीच्या बाजूचे, सगळ्यांनी चढायचा पुरेपूर प्रयत्न करावा. आणि कुणी घसरलाच तर खाली चांगली जाळी असेल. शिडी आणि जाळी एकाच वाक्यसमूहात मावत होती. तीस वर्षांनी, १९८१ मध्ये, त्याच पक्षाच्या रोजगारमंत्र्याने पक्ष अधिवेशनात आठवण सांगितली, की तिशीच्या दशकात बेकार झालेल्या आपल्या वडिलांनी दंगा केला नाही, सायकल काढली आणि काम शोधत फिरले. त्यावरून ‘ऑन युवर बाइक’ हा टोमणा झाला. देशातले बेकार तेव्हा तीस लाखांकडे चालले होते.

‘सेफ्टी नेट’चं मूळ सर्कशीतल्या झुल्याखालचं जाळं. सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा झुलता पूल १९३३ ते १९३७ मध्ये बांधताना खाली असं जाळं लावलं होतं आणि त्याने १९ कामगारांना वाचवलं. फेब्रुवारी १९३७ मध्ये एक मचाण कोसळून जाळं फाटलं आणि दहाजण गेले, हेही खरं. फेब्रुवारी १९८१ मध्ये सरकारी खर्चाला कात्री लावताना अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी आश्वासन दिलं, की खऱ्या गरजूंचं सामाजिक सेफ्टी नेट शाबूत राहील. सगळी मेख ‘खऱ्या’ या शब्दात होती. त्याआधीच्या वर्षी तिथल्या मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात ‘डिपेंडंट पर्सनॅलिटी’ हा विकार म्हणून नोंदला गेला होता. दोन गोष्टींचा थेट संबंध जोडता येणार नाही, पण हवा एकच होती. अठराव्या शतकात जी परिस्थिती होती ती आता स्वभाव झाली होती, आणि स्वभावावर उपाय म्हणून १९९६ चा कायदा आला. त्याच्या नावातच ‘वैयक्तिक जबाबदारी’ होती, आणि केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या रोख मदतीवर आयुष्यभरात मिळून ६० महिन्यांची मर्यादा. जानेवारी २०११ मध्ये एका काँग्रेस सदस्याने अध्यक्षांच्या भाषणाला उत्तर देताना हे जाळं धडधाकट लोकांना झोपवणारा झोपाळा होईल अशी भीती घातली.

बूटस्ट्रॅपचा सध्याचा मुक्काम धंद्यात आहे. गुंतवणूकदारांचा पैसा न घेता चालवलेल्या कंपनीला ‘बूटस्ट्रॅप्ड’ म्हणतात. पुण्या-बंगळुरूच्या स्टार्टअपवाल्यांच्या बोलण्यात तो छाती फुगवून येतो, आणि ती फुशारकी अगदीच पोकळ नाही. मात्र त्याच जगात पहिल्या भांडवलाला आणखी एक नाव आहे, ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’. एकच संस्थापक दोन्ही शब्द एकाच मुलाखतीत वापरतो आणि मुलाखत घेणारा थांबवत नाही. ‘अशक्य’ आणि ‘स्वबळावर’ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या पोटात आहेत.