वाळूची थरथर ऐकणारा विंचू : एका शोधाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील मोहावे आणि सोनोरन वाळवंटांत, वाऱ्याने साचलेल्या सैल वाळूत एक फिकट पिवळा विंचू राहतो. हर्बर्ट स्टॅन्के यांनी १९५७ मध्ये त्याचे वर्णन पॅरुरोक्टोनस मेसाएन्सिस या नावाने केले. आज तो स्मेरिंगुरस मेसाएन्सिस म्हणून ओळखला जातो. पूर्ण वाढलेला विंचू सात सेंटिमीटरांच्या आसपास भरतो. दिवसभर तो बिळात असतो आणि रात्री बाहेर आला तरी भक्ष्याच्या मागे हिंडत नाही, बिळाच्या आसपास निश्चल उभा राहतो.

या निश्चलपणाचे कारण उलगडले ते रिव्हरसाइड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फिलिप ब्राउनेल यांच्या प्रयोगांतून. सैल वाळूत कंपने लगेच विरतात, तेव्हा तिच्यातून कोणत्याही प्राण्याला उपयुक्त संकेत मिळणे शक्य नाही, असा तोवरचा समज होता आणि तो तर्काला धरूनही वाटत होता. ब्राउनेल यांनी वाळूच्या दोन भागांमध्ये अगदी अरुंद हवेची फट ठेवली. पलीकडच्या वाळूत झुरळ हलले तरी अलीकडचा विंचू जागचा हलला नाही. म्हणजे डोळे, वास किंवा हवेतला आवाज हे त्याचे मुख्य साधन नव्हते. १९७७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले.

वाळूच्या पृष्ठभागावरून जाणारी लाट सेकंदाला सुमारे ५० मीटर, म्हणजे घट्ट खडकातल्या लाटेच्या तुलनेत फारच हळू, पुढे सरकते. विंचवाचे आठ पाय साधारण पाच सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात टेकलेले असतात, त्यामुळे तीच लाट एका बाजूच्या पायापासून समोरच्या पायापर्यंत पोहोचायला सुमारे एक मिलिसेकंद घेते. पायांच्या टोकाजवळील बारीक फटींसारखे संवेदक हा फरक टिपतात, आणि ज्या पायाला हादरा आधी जाणवला त्या दिशेला विंचू झटकन वळतो. वाळूत बुडून चालणारे झुरळही, जे डोळ्यांना दिसणे शक्यच नसते, तो असे उकरून काढतो.

याच विद्यापीठात तयार झालेल्या गॅरी पोलिस यांनी कॅलिफोर्नियाच्या कोचेला खोऱ्यात त्याच्या जीवनक्रमाचा माग काढला. अतिनील प्रकाशात विंचवाचे कवच हिरवट चमकते, त्यामुळे रात्रीच्या अंधारातही एकेक विंचू हेरता येतो. मात्र नुकतीच कात टाकलेला विंचू जवळजवळ चमकत नाही. या निरीक्षणांतून पुढे आलेली सर्वांत बोलकी बाब म्हणजे स्वजातिभक्षण. हालणाऱ्या वाळूवर झेप घेणाऱ्या प्राण्याला ती हालचाल किड्याची की आपल्याच जातीच्या पिल्लाची, याने फारसा फरक पडत नाही. जन्मल्यावर पिल्ले आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच सुरक्षित असतात. त्यानंतर मात्र मोठ्या विंचवांच्या ऐन वर्दळीच्या काळात बिळाबाहेर येणे टाळण्यातच त्यांचा निभाव लागतो.