स्लॅबचा हिशेब जमिनीपासून

‘स्लॅब’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घराचे छत येते आणि अंदाजपत्रकातली गल्लत तिथूनच सुरू होते. छताचा स्लॅब भिंतींवर किंवा तुळयांवर टेकलेला आणि मध्ये अधांतरी असतो, म्हणून त्या मधल्या भागात मुख्य लोखंड खालच्या अंगाला घालावे लागते. घरगुती वर्कशॉपचा किंवा गॅरेजचा स्लॅब मात्र सबंध जमिनीवर पडून असतो. त्याला आणि त्याच्यावरच्या ओझ्याला पेलते ती खालची माती. खर्च काढताना चौकशी होते ती काँक्रीटच्या दराची, आणि अंदाज फसतो तो बहुधा या मातीपाशी.

आधी ओझ्याचे पाहू. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन-सव्वादोन किलो असतो आणि टायर जमिनीवर जवळजवळ तेवढाच दाब देतो. एम-२० प्रतीचे काँक्रीट, म्हणजे ज्याचा १५० मिलिमीटर बाजूचा ठोकळा २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसतो असे काँक्रीट, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो पेलते. अर्थात मोटारीच्या वजनाने ते चिरडले जाण्याचा प्रश्नच येत नाही. स्लॅब फुटतो तो वाकल्यामुळे. चाकाखालची माती किंचित दबली की स्लॅब वाकतो, त्याचा एक पृष्ठभाग ताणला जातो, आणि काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच असते.

वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ही गोष्ट पैसे वाटताना फार कामाची आहे. जाडी १०० मिलिमीटरवरून १२५ केली तर काँक्रीट २५ टक्के जास्त लागते, पण वाकण्याविरुद्धची ताकद सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते. साध्या मोटारीसाठी १०० मिलिमीटर जाडी सर्रास वापरली जाते. लेथ, मिलिंग यंत्र किंवा भारी वाहन येणार असेल तर १२५ ते १५० मिलिमीटरचा विचार करावा. गाडी उचलणारी लिफ्ट बसवायची असेल तर तिच्या उत्पादकाने स्लॅबची किमान जाडी आणि काँक्रीटची प्रत माहितीपत्रकात दिलेली असते. ते पत्रक अंदाजपत्रकाच्या आधी वाचावे, कारण लिफ्टच्या खांबांचे बोल्ट नंतर पातळ स्लॅबमध्ये बसवता येत नाहीत. हॅरल्ड वेस्टरगार्ड या अभियंत्याने १९२६ मध्ये रस्त्यांच्या काँक्रीटसाठी मध्यभाग, कड आणि कोपरा अशा तीन ठिकाणच्या चाकाचे गणित मांडले होते. मध्यभागाला चारही बाजूंनी आधार मिळतो, कडेला आणि कोपऱ्याला तो मिळत नाही. म्हणून गाडी जिथून रोज आत चढते ती दाराखालची कड तेवढी अधिक खोल भरणे हा थोड्या पैशांत मोठा फायदा आहे.

आता ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि १२५ मिलिमीटर जाड असा एक स्लॅब धरू. कागदावर त्याला साडेचार घनमीटर काँक्रीट लागते. प्रत्यक्षात किती लागेल हे कळायला खुंट्या ठोकून, पाण्याच्या नळीने पातळी जुळवून, दोऱ्या ताणाव्यात आणि दर मीटरभर अंतरावर दोरीपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. अशा ४९ मापांत बरोबर साडेबारा सेंटिमीटर फार थोडी भरतात. कुठे १३, कुठे १५, मधल्या खळग्यात १७ असे आकडे येतात. तळ सरासरी फक्त २ सेंटिमीटर खाली असला तरी ०.७२ घनमीटर, म्हणजे हिशेबाच्या १६ टक्के काँक्रीट जादा जाते. ते वरून कुणाला दिसत नाही आणि स्लॅबला त्याचा म्हणावा तसा उपयोगही होत नाही, कारण खळग्यापुरती जाडी वाढल्याने बाकीचा भाग मजबूत होत नाही. तोच खळगा मुरूम किंवा बारीक खडीने भरून धुमस केला तर काम फार स्वस्तात होते. हे मोजमाप अर्ध्या दिवसाचे आहे, आणि एवढ्या थोड्या श्रमांत एवढा पैसा वाचवणारे दुसरे काम या सगळ्या उद्योगात माझ्या पाहण्यात नाही.

मातीचा आणखी एक गुण खिशाला लागतो. घट्ट जमीन खोदली की माती सैल होऊन तिचे आकारमान साधारण २० ते ३० टक्क्यांनी वाढते, म्हणून उचलून न्यायची माती खड्ड्याच्या मापापेक्षा जास्त भरते. भरावाचे याच्या उलट असते. १५० मिलिमीटरचा दाबलेला थर हवा असेल तर आपल्या ३६ चौरस मीटरला दाबून ५.४ घनमीटर मुरूम लागतो, पण सैल मुरूम सुमारे ७ घनमीटर मागवावा लागतो. हा थर एकदम न टाकता दोन पातळ थरांत दाबावा. जाड थराचा वरचा भाग ठणठणीत वाजतो आणि तळ पोकळच राहतो. जमीन पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी चिकणमाती असेल तर ती काही खोलीपर्यंत काढून टाकण्याचा खर्च धरावाच लागतो. आकस्मिक खर्चासाठी ठेवायची रक्कम मी याच रकान्यात ठेवीन. बाकीच्या बाबी मोजता येतात. भरावावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला की जमिनीतली ओल वर येत नाही, आणि वर्कशॉपमध्ये लोखंडी हत्यारे असतील तर त्यात कसर करू नये.

काँक्रीटचा घनमीटर सुमारे २४०० किलोचा असतो, म्हणजे आपला स्लॅब जवळजवळ ११ टनांचा झाला. तयार काँक्रीटची गाडी जागेपर्यंत पोहोचत नसेल तर हातगाडीच्या एका खेपेला ६० लिटर या हिशेबाने ७५ खेपा होतात. तेवढी माणसे किंवा पंपाचे भाडे यांपैकी एक काहीतरी धरावेच लागते. तयार काँक्रीट ५ ते १० टक्के जास्त मागवावे. शेवटच्या कोपऱ्याला माल कमी पडला आणि दुसरी गाडी येईपर्यंत आधीचा थर आवळला, तर दोहोंमधला सांधा कायमचा कच्चा राहतो.

जागेवर माल कालवायचा असेल तर नजर पाण्यावर ठेवावी. सिमेंटच्या वजनाच्या निम्मे पाणी, म्हणजे ५० किलोच्या गोणीला २५ लिटर, हे प्रमाण धरले तर माल काहीसा जड वाटतो, आणि पसरायला सोपा जावा म्हणून कुणीतरी अर्धी बादली पाणी हळूच ओतते. त्या ५ लिटरमुळे प्रमाण ०.५ वरून ०.६ वर जाते आणि ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटू शकते. सिमेंटशी संयोग न पावलेले पाणी पुढे उडून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवते. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ताकद अवलंबून असते हा नियम डफ एब्रम्स यांनी १९१८ मध्ये मांडला. माल पातळ हवाच असेल तर प्लॅस्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल पातळ करणारे रसायन, मिसळावे. त्याचा खर्च किरकोळ असतो.

लोखंडी जाळीबद्दल एक गैरसमज आहे. जाळी भेग टाळत नाही. पडलेली भेग उघडू देत नाही. त्यासाठी ती जमिनीवरच्या स्लॅबमध्ये वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, ठोकळ्यांवर नीट टेकवलेली असावी. प्लॅस्टिकवर अंथरून माल टाकताना आकड्याने वर ओढू असे म्हटले की ती हमखास तळाशीच राहते, आणि तिचे सगळे पैसे पाण्यात जातात.

वाळताना काँक्रीट मीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर आकसते, म्हणजे ६ मीटरच्या लांबीत ३ मिलिमीटर. भेग पडणारच असेल तर ती आपण आखलेल्या रेषेवर पडावी, म्हणून जाडीच्या २४ ते ३० पट अंतरावर, पाव जाडीइतक्या खोल खाचा पाडतात. आपल्या स्लॅबला मधोमध एक उभी आणि एक आडवी खाच पुरते. म्हणून यंत्र कुठे बसणार हे आधी नकाशावर आखावे, म्हणजे त्याचे पाय खाचेवर येणार नाहीत. विजेच्या आणि सांडपाण्याच्या नळ्याही त्याच नकाशावर दाखवाव्यात. खाच पाडण्याचे यंत्र माल आवळल्यावर काही तासांतच चालवावे लागते. त्याचे भाडे दुसऱ्या दिवसाचे ठरवून ठेवले तर भेगेने आपली वाट बहुधा आधीच निवडलेली असते.

काँक्रीट वाळून कठीण होत नाही, तर सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक संयोगाने होते. म्हणून निदान ७ दिवस त्यावर पाणी राहिले पाहिजे. कडेला माल-मातीचे बांध घालून ३ सेंटिमीटर पाणी साठवायचे तर ३६ चौरस मीटरला एका वेळी हजारांहून अधिक लिटर लागते. पाण्याची टंचाई असेल तर भिजवलेली गोणपाटे आणि त्यांवर प्लॅस्टिक हा काटकसरीचा मार्ग आहे. सातव्या दिवशी ताकद २८ दिवसांच्या ताकदीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास पोहोचते. मोटार त्यानंतर आत घ्यायला हरकत नाही, पण लेथसारखे जड यंत्र चौथा आठवडा संपेपर्यंत बाहेरच ठेवावे लागते, तेव्हा ते ठेवायच्या जागेचे भाडे अंदाजपत्रकात धरले आहे ना, हे पाहून घ्यावे.