कुलूप लावलेली ‘हॉट कॉफी’

गेममधून कापलेला भाग म्हणजे पुसलेला भाग, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो बहुतेकदा डिस्कवरच पडून राहतो. कोडचे धागे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एक तुकडा उपटला तर दुसरीकडे काय कोसळेल याचा भरवसा नसतो. रिलीजची तारीख तोंडावर आली की उपटण्यापेक्षा कुलूप लावणं परवडतं.

कधी हे लाभतंही. 1996 साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या पोकेमॉन गेममध्ये डीबगिंगची, म्हणजे चुका शोधण्याची, साधनं काढल्यावर जेमतेम 300 बाइट जागा उरली. प्रोग्रॅमर शिगेकी मोरिमोतो यांनी तिथे ‘म्यू’ नावाचा एक पोकेमॉन बसवला. तो खेळाडूंना सापडावा असा बेतच नव्हता, पण एका बगमुळे काहींना सापडला. मग कंपनीने 20 जणांना म्यू देण्याची स्पर्धा काढली, तर हजारोंनी अर्ज केले.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’चं मात्र उलटं झालं. ऑक्टोबर 2004 मध्ये तो प्लेस्टेशन 2 वर आला. त्यात नायक सीजेला त्याची मैत्रीण कॉफीसाठी घरात बोलावते, कॅमेरा बाहेरच थांबतो आणि आतून फक्त आवाज येतात. आतला प्रसंग, म्हणजे शरीरसंबंधांचा एक ओबडधोबड मिनीगेम, गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने आधी बनवला होता आणि नंतर बंद केला होता. जून 2005 मध्ये पीसी आवृत्ती आली आणि नेदरलँड्समधल्या एका मॉडरने, म्हणजे गेममध्ये स्वतःचे बदल करणाऱ्या हौशी खेळाडूने, तो उघडून दाखवला; हीच ती ‘हॉट कॉफी’. त्यासाठी गेमच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे प्रसंग चालवणाऱ्या सूचनांमध्ये, किरकोळ बदल पुरला.

रॉकस्टारने आधी सगळं खापर हॅकर्सवर फोडलं. ही बाजू फार दिवस टिकली नाही. चीट कोडच्या उपकरणाने प्लेस्टेशनवरही तोच प्रसंग उघडला. ज्या डिस्कमध्ये खेळाडूला ढवळाढवळ करता येत नाही, तिथे हॅकरने तो घालणार कुठून?

20 जुलै 2005 रोजी गेमना वयोगटानुसार रेटिंग देणाऱ्या अमेरिकेच्या ईएसआरबी या संस्थेने गेमचं रेटिंग ‘एम’ (17 वर्षं आणि पुढे) वरून ‘एओ’ (फक्त प्रौढांसाठी) केलं. कागदावर हा फरक 17 आणि 18 वर्षांचा, म्हणजे एका वर्षाचा. पण मोठी दुकानं एओ गेम ठेवतच नाहीत, त्यामुळे खरा फरक अख्ख्या बाजारपेठेचा होता. हिलरी क्लिंटन यांनी चौकशीची मागणी केली, ऑस्ट्रेलियात विक्री बंद झाली. शेवटी तो भाग खरोखर काढलेली नवी आवृत्ती आणल्यावर ‘एम’ परत मिळालं. म्हणजे आधी टाळलेलं काम करावंच लागलं, तेही दामदुपटीने.

यानंतर ईएसआरबीने कंपन्यांना बजावलं: रेटिंगवर परिणाम करू शकेल असा मजकूर डिस्कवर असेल, तर तो कुलूपबंद असला तरी आम्हाला कळवा. ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावाही झाला आणि त्यात तडजोड झाली. लाखो प्रती खपलेल्या या गेमसाठी भरपाई मागायला 2,700 सुद्धा लोक पुढे आले नाहीत.