सम्राटाचे नाव: कॉम्नेनस की कोम्निनोस?

बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) सम्राट सहावा लिओ ८८६ ते ९१२ या काळात कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर होता. त्याचे एक सोन्याचे नाणे आहे. एका बाजूला दोन्ही हात वर केलेली मेरी, दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेला लांब दाढीचा सम्राट आणि त्याच्याभोवती कडेने कोरलेली अक्षरे. अक्षरांत लॅटिन आणि ग्रीक वळणांची सरमिसळ आहे, भाषा मात्र ग्रीक. मजकूर असा: ‘लेऑन, ख्रिस्ताच्या ठायी रोमनांचा सम्राट’.

या एवढ्याशा मजकुरात दोन गोष्टी दडल्या आहेत. आपण ज्याला लिओ म्हणतो तो स्वतःला लेऑन म्हणवत होता, ही पहिली. दुसरी अधिक मोलाची. ‘रोमनांचा’ हा शब्द शुद्ध ग्रीक लेखनात ‘रोमाइओन’ असा हवा, पण लेऑनच्या तांब्याच्या नाण्यांवर आहे ‘रोमेओन’. ‘आइ’ या जोडीच्या जागी सरळ ‘ए’ कोरला आहे. लिहिताना ‘आइ’ असले तरी लोक ते ‘ए’ असेच उच्चारत होते, याचा हा धातूत उमटलेला पुरावा.

मग लेऑनचा लिओ, अलेक्सिओसचा अलेक्सियस आणि कोम्नेनोस या राजघराण्याच्या नावाचा कॉम्नेनस झाला कसा? सोळाव्या-सतराव्या शतकांत पश्चिम युरोपातल्या पंडितांनी बायझंटाइन ग्रंथ छापायला घेतले तेव्हा विद्वानांची भाषा लॅटिन होती. ग्रीक मजकुरासोबत लॅटिन भाषांतर छापायचे, नावांनाही लॅटिन प्रत्यय लावायचे, हा शिरस्ता पडला. इंग्रज इतिहासकार गिबनने अठराव्या शतकात तीच रूपे इंग्रजीत रुळवली आणि इंग्रजीतून ती आपल्याकडे आली. विसाव्या शतकात अभ्यासकांचा कल ग्रीक रूपांकडे वळला. १९९१ साली ऑक्सफर्डचा तीन खंडांचा बायझंटाइन कोश निघाला, त्यात कोम्नेनोस, पालाइओलोगोस अशी घराण्यांच्या नावांची ग्रीक रूपे आहेत. पण रोजच्या वापरातल्या पहिल्या नावांना हात लावलेला नाही. त्यामुळे ‘जॉन कोम्नेनोस’ असे अर्धे इंग्रजी, अर्धे ग्रीक नाव तयार होते.

लॅटिन रूपे सरसकट चुकीची आहेत असे मात्र नाही. सहाव्या शतकातला सम्राट जस्टिनियन याचा जन्म आजच्या उत्तर मॅसिडोनियात स्कोपयेजवळ झाला आणि त्याची मातृभाषा लॅटिनच होती. त्याने रोमन कायद्याची जी प्रचंड संहिता करवून घेतली तीही लॅटिनमध्ये. त्याचे पुढचे बहुतेक कायदे ग्रीकमध्ये निघाले, कारण पूर्वेकडची प्रजा ग्रीक बोलणारी होती. ६२९ साली सम्राट हेराक्लियसने ‘वासिलेफ्स’ (राजा) हा ग्रीक किताब अधिकृतपणे घेतला. म्हणून अनेक जण तिथे रेघ ओढतात: आधीचे लॅटिन, नंतरचे ग्रीक. पण त्याचा नातू या रेघेवर बसत नाही. इतिहासात तो ‘दुसरा कॉन्स्टन्स’ (६४१ ते ६६८). बाप्तिस्म्याचे नाव हेराक्लियस, नाण्यांवर ‘कॉन्स्टंटिनस’, आणि ‘कॉन्स्टन्स’ हे कॉन्स्टंटाइनचे लाडके, लहान रूप. म्हणजे आपण त्याला टोपणनावाने ओळखतो आणि त्यापुढे ‘दुसरा’ लावतो, जो आकडा त्याच्या दरबारात कुणी लावत नव्हते. सम्राटांचे असे क्रमांक नंतरच्या इतिहासकारांनी लावलेले आहेत.

नावाचा हा प्रश्न त्या काळी किती धारदार होता ते ९६८ साली दिसले. पवित्र रोमन सम्राट ओटोचा वकील म्हणून क्रेमोनाचा बिशप लिउटप्रांड कॉन्स्टँटिनोपलला होता. तेवढ्यात पोपचे पत्र घेऊन दूत आले. पत्रात ओटोला ‘रोमनांचा सम्राट’ आणि कॉन्स्टँटिनोपलच्या निकिफोरोस फोकासला ‘ग्रीकांचा सम्राट’ म्हटले होते. दूतांची रवानगी थेट तुरुंगात झाली. ही माणसे ग्रीक बोलत होती, पण स्वतःला रोमनच मानत होती. ‘बायझंटाइन’ हे नाव तर त्यांच्या राज्याला ते बुडाल्यानंतर युरोपीय पंडितांनी दिले. अरब आणि तुर्क त्यांना त्यांच्याच शब्दाने, ‘रूम’ म्हणून ओळखत. तो शब्द पुढे तुर्कांच्या मुलखालाच चिकटला आणि तिकडून दख्खनपर्यंत पोहोचला. १५४९ साली अहमदनगरला मलिक-ए-मैदान तोफ ओतणाऱ्या रूमीखानाच्या नावातला ‘रूमी’ तो हाच.

आता उच्चाराकडे. शाळा-विद्यापीठांत शिकवला जाणारा प्राचीन ग्रीक उच्चार मुख्यतः डच पंडित इरॅस्मसने १५२८ साली मांडलेल्या पद्धतीवर उभा आहे. तो प्लेटोच्या काळासाठी ठीक, पण लेऑनच्या दरबारात तसे कुणी बोलत नव्हते. तिथला उच्चार शोधायला लेखनातल्या चुका फार उपयोगी पडतात. कमी शिकलेला लेखनिक किंवा शिशाच्या मोहरेवर नाव कोरणारा कारागीर जिथे ‘एटा’ हे ग्रीक अक्षर (मूळचा दीर्घ ‘ए’) हवे तिथे ‘इओटा’ (‘इ’) घालतो, तेव्हा दोन्हींचा उच्चार ‘इ’ झाला होता हे कळते. शेजाऱ्यांच्या लिप्याही साक्ष देतात. नवव्या-दहाव्या शतकांत स्लाव्ह भाषांसाठी सिरिलिक लिपी घडली तेव्हा ग्रीक ‘बीटा’ची आकृती ‘व’ या ध्वनीसाठी घेतली गेली आणि ‘ब’साठी वेगळे अक्षर योजावे लागले. बेसिल हे नाव स्लाव्ह भाषांत वासिली झाले, कारण ग्रीक माणसे ‘वासिलिओस’ म्हणत होती.

रोमन लिपीत हा वाद बराचसा ‘सी’ लिहायचा की ‘के’, शेवटी ‘यूएस’ की ‘ओएस’, यावर चालतो. देवनागरीत ‘क’ तो ‘क’च, त्यामुळे पहिला वाद उरत नाही. पण आपली लिपी उच्चार मागते, म्हणून आपल्याला स्वरांचा निवाडा टाळता येत नाही. ‘कोम्नेनोस’ हे ग्रीक स्पेलिंगचे अक्षरांतर झाले. पण त्यातल्या एटाचा उच्चार ‘इ’ झाला होता, म्हणून त्या घराण्यातली माणसे स्वतःला ‘कोम्निनोस’ म्हणत होती. ‘पालाइओलोगोस’चे तसेच: नाण्यावरचा ‘ए’ लक्षात घेतला तर ‘पालेओलोगोस’. मला मराठीत हीच बोलली जाणारी रूपे हवीत. त्यात आणखी एक सोय आहे. ग्रीक आडनावे लिंगाप्रमाणे बदलतात: बाप अलेक्सिओस कोम्निनोस, त्याचा इतिहास लिहिणारी लेक आना कोम्निनी. शब्दाच्या टोकावरून लिंग ओळखायची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही जोडी सहज पचेल.

कॉन्स्टंटाइन आणि जस्टिनियन मी बदलणार नाही. ती मराठीत मुरली आहेत. ‘जॉन’ मात्र मला खटकतो. बाराव्या शतकातल्या इओआनिस कोम्निनोसला इंग्रजी नाव देण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. ग्रंथाच्या सूचीत तेवढी सगळी रूपे एकमेकांकडे बोट दाखवणारी हवीत, म्हणजे जुन्या पुस्तकातला ‘अलेक्सियस कॉम्नेनस’ शोधणारा वाचक रिकाम्या हाताने परत जाणार नाही.