‘मी फेसबुकला परवानगी देत नाही’ लिहून काय होतं? काही नाही

‘उद्यापासून फेसबुक तुमचे फोटो वापरणार, हा मजकूर कॉपी करून आपल्या वॉलवर टाका’ हे आवाहन 2012 पासून फिरतंय. 2024 मध्ये ते ‘गुडबाय मेटा एआय’ म्हणून नव्याने आलं (मेटा म्हणजे फेसबुकची मालक कंपनी) आणि परदेशातले नामवंतही त्याला भुलले.

वजन यावं म्हणून मजकुरात बऱ्याचदा ‘रोम स्टॅच्यूट’ ठोकून दिलेलं असतं. हा 1998 चा करार नरसंहार, युद्धगुन्हे असले खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा. त्याचा तुमच्या लोणावळ्याच्या फोटोंशी काय संबंध? भारताने तर त्यावर सहीसुद्धा केलेली नाही.

फोटोचा कॉपीराइट तुमचाच राहतो. पण खातं उघडताना अटी मान्य करून तुम्ही कंपनीला तो वापरण्याचा परवाना देता. वॉलवरच्या चार ओळींनी तो रद्द होत नाही.

खरी गंमत जाहिरातींत आहे. एखाद्या दुकानाच्या साइटवर तुम्ही पैठणी पाहता. त्या पानात मेटाचा ‘पिक्सेल’ नावाचा छोटा कोड असेल, तर कोणतं पान उघडलं हे तो मेटाला कळवतो. मग फीडमध्ये पैठण्याच पैठण्या! हे रोखायचं तर सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅड प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन जाहिरात भागीदारांकडून आलेल्या माहितीचा वापर नाकारा. 2023 च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती मागे घेण्याच्या हक्काची तरतूद आहे, पण ती कंपनीकडे मागे घ्यायची असते, मित्रमंडळींसमोर नव्हे. जाहिरातींची संख्या मात्र घटणार नाही. पैठणीऐवजी प्रेशर कुकर दिसेल, एवढंच.