पार्श्वभूमी : मराठवाडा ‘विनाअट’ आला म्हणजे काय?

महाराष्ट्राचा राजकीय इतिहास लिहायला बसणारे बहुतेक जण १ मे १९६० पासून सुरुवात करतात. १९५२ साली निवडून आलेले मराठवाड्याचे आमदार हैदराबादच्या विधानसभेत बसत होते आणि विदर्भाचे नागपुरात, मध्य प्रदेशच्या. एवढी मोठी गोष्ट मग तळटिपेत जाते.

याच गाळलेल्या काळातला एक शब्द आजही घोळ घालतो : विनाअट. ‘विदर्भ महाराष्ट्रात करार करून आला, मराठवाडा विनाअट आला’ हे वाक्य सभांमधून आणि अग्रलेखांतून इतक्या वेळा आले आहे की मूळ कागद उघडून बघायची गरज कुणाला वाटत नाही. तो कागद म्हणजे २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार, मराठी भाषकांच्या एका राज्यासाठी वेगवेगळ्या भागांतल्या नेत्यांनी केलेला. अकरा कलमे. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, सरकारी नोकऱ्यांत वाटा, वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात. आणि मराठवाडा अविकसित असल्याने त्याच्या सर्वांगीण विकासाकडे खास लक्ष देण्याचे वचन. खाली सह्या आहेत, त्यांत मराठवाड्यातल्या नेत्यांच्याही आहेत.

मग विनाअट कसे? सह्या करणारे पक्षाचे पुढारी होते, सरकारे नव्हती. कोर्टात दाखवावा असा हा दस्तऐवज नाही. आणि वचन म्हणजे अट नव्हे. ‘हे मिळाले तरच येऊ’ असे मराठवाडा म्हणाला नाही, या अर्थाने शब्द खरा आहे. पण ‘लेखी काहीच ठरले नव्हते’ असा त्याचा अर्थ लावला जातो, तो चूक आहे आणि त्याचा तोटा मराठवाड्यालाच होतो. त्यागाचे कौतुक पदरात पडते, दिलेल्या शब्दावरचा हक्क मात्र सुटतो. इतिहास लिहिणाऱ्याने निदान इथे तरी थांबून सह्या वाचायला हव्यात.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विकास मंडळांची, म्हणजे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या विकासावर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र मंडळांची, तरतूद आली. मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ साली, अडतीस वर्षांनी. त्याआधी १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या सत्यशोधन समितीने (दांडेकर समितीने) रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य यांचा जिल्हावार हिशेब मांडला, आणि ‘अनुशेष’, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाची बाकी, हा शब्द घरोघरी पोचला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा ती वाढवली गेली नाही.