टॅली की क्लाउड? या प्रश्नामागची चाळीस वर्षं

धंदा वाढायला लागला, दोनाचे पाच कोटी झाले, एका गाळ्याचे दोन गाळे झाले की हा प्रश्न येतोच. हिशेबासाठी टॅलीच चालू ठेवायचं, क्लाउडवरच्या म्हणजे इंटरनेटवर चालणाऱ्या झोहो बुक्सवर जायचं, बिझी घ्यायचं, की एकदाच काय तो खर्च करून ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवायचं. सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रत्येकाकडे फीचर्सचा तक्ता तयार असतो, पण तक्ते वाचून निर्णय होत नाही, उलट गोंधळ वाढतो. मला वाटतं आधी हे बघावं की आज समोर दिसणारे पर्याय असे का दिसतात. आपल्याकडे हिशेबाचं साधन बहुतेक वेळा बदललं ते कायदा बदलला म्हणून, आणि हे एकदा लक्षात आलं की कुठलं फीचर खरंच लागणारे आणि कुठलं नुसतं दाखवायला आहे हे ओळखता येतं.

कॉम्प्युटरच्या आधी वही होती आणि वहीची पद्धत अजिबात कच्ची नव्हती. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतल्या रोजकिर्दी आजही आहेत, तारीखवार जमाखर्च लिहिलेला. बाजारपेठेतल्या दुकानांतही तीच साखळी, रोजची नोंद किर्दीत, तिथून खातेवार खतावणीत, मग तेरीज आणि शेवटी ताळेबंद. आज सॉफ्टवेअरमध्ये डे बुक, लेजर, ट्रायल बॅलन्स, बॅलन्स शीट असं जे येतं तो हाच क्रम आहे. त्यामुळे जुन्या दिवाणजींच्या हाताखाली तयार झालेला माणूस कॉम्प्युटरवर बसला तेव्हा त्याला हिशेब नव्याने शिकावा लागला नाही, फक्त की-बोर्ड शिकावा लागला. वहीचा अजून एक गुण म्हणजे ती शिवलेली असायची. मधलं पान काढलं की कळायचं, आकडा खोडला की खोडलेला दिसायचा. हा गुण मधली तीस-पस्तीस वर्षं हरवला आणि मग कायद्याने तो परत आणला, त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

लक्ष्मीपूजनाला वहीपूजन आणि पाडव्याला नवी वही ही आपली रीत. बरेच व्यापारी हिशेबाचं वर्षही दिवाळी ते दिवाळी धरायचे आणि आयकर कायद्याला ते चालायचं. १९८९-९० च्या असेसमेंट वर्षापासून (आयकर आकारणीच्या वर्षापासून) ती सोय बंद झाली, सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चलाच संपायला लागलं. त्याच्या थोडंसं आधी, १९८४ च्या फायनान्स ॲक्टने कलम ४४ एबी आणलं, म्हणजे धंद्याची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की सीएकडून टॅक्स ऑडिट सक्तीचं. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघा. ज्या माणसाचे हिशेब आतापर्यंत घरातल्या घरात राहायचे, त्याला आता ठरलेल्या तारखेला, बाहेरच्या माणसाला समजतील अशा स्वरूपात ते द्यायचे होते आणि सगळ्यांना एकाच वेळी द्यायचे होते. हाताने खतावणी करून, तेरीज जुळवत बसून हे वेळेत होणं अवघड होतं, एक रुपयाचा फरक शोधायला दोन दोन रात्री जायच्या.

नेमकं त्याच काळात पीसी आवाक्यात यायला लागले. १९८४ च्या कॉम्प्युटर धोरणानंतर आयात सोपी झाली, आणि मग मुंबई-पुण्यात डीबेस आणि पुढे फॉक्सप्रो या डेटाबेसच्या साधनांत प्रोग्रॅम लिहून देणारी मंडळी तयार झाली. एखादा प्रोग्रॅमर दुकानात येऊन बसायचा, मालकाला काय हवं ते विचारायचा आणि तसं बिलिंग आणि लेजर करून द्यायचा. काम छान व्हायचं पण दोन अडचणी होत्या. एक म्हणजे प्रत्येक खात्याला कोड, पार्टीचं नाव टाकायच्या ऐवजी नंबर टाकायचा आणि नंबरांची यादी टेबलाच्या काचेखाली ठेवायची. दुसरी अडचण जास्त मोठी, तो प्रोग्रॅमर नोकरी धरून परदेशी गेला की सॉफ्टवेअर तिथेच थांबायचं. आजही एखादा कारखानदार "आम्हाला आमच्यासाठी खास सॉफ्टवेअर बनवून घ्यायचंय" म्हणतो तेव्हा हा काळ आठवावा, कारण धोका तोच आहे.

टॅलीचा जन्म यातलाच. बंगळुरूचे श्याम सुंदर गोयंका कापड गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल आणि मशीनचे पार्ट पुरवायचे, त्यांना स्वतःच्या धंद्यासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलगा भरत गोयंका याने ते लिहिलं. १९८६ साली प्युट्रॉनिक्स नावाने कंपनी सुरू झाली, पहिलं सॉफ्टवेअर एमएस डॉसवर चालायचं, १९९९ मध्ये कंपनीचं नाव टॅली सोल्युशन्स झालं. भरत गोयंकांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. एका व्यापाऱ्याच्या गरजेतून हे आलं हे महत्त्वाचं आहे कारण ते जाणवतं, कोडची भानगड नाही, पार्टीचं नाव टाइप करा आणि एंट्री मारा. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल, एफ९ पर्चेस, माऊसला हात न लावता दिवसभराची बिलं संपतात. पंधरा वर्षं टॅलीवर बसलेल्या अकाउंटंटची बोटं बघा, तो स्क्रीनकडे बघतच नाही, बिलाकडे बघतो.

आणि मग क्लास निघाले. तालुक्याच्या गावात एमएस-सीआयटीच्या बोर्डाशेजारी टॅलीचा बोर्ड लागला, बीकॉम झालेली मुलं-मुली तीन महिन्यांत टॅली शिकून बाहेर पडायला लागली, नोकरीच्या जाहिरातीत "टॅली येणं आवश्यक" ही ओळ कायमची झाली. शिकायला फुकट एज्युकेशनल मोड होता, ज्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच एंट्र्या घेता यायच्या, त्यामुळे क्लासमधल्या सगळ्या सरावाच्या उदाहरणांत खरेदी-विक्री याच तारखांना व्हायची. पायरेटेड कॉप्याही भरपूर फिरल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. पण परिणाम असा झाला की सीए, अकाउंटंट, क्लास आणि मालक सगळे एकाच भाषेत बोलायला लागले. सीएला पेनड्राइव्हवर बॅकअप दिला की काम झालं. आज कुठलंही दुसरं सॉफ्टवेअर घेताना खरी स्पर्धा फीचर्सशी नसते, या सगळ्या माणसांच्या सवयीशी असते, आणि ही गोष्ट वाढत्या धंद्याने हलक्यात घेऊ नये.

आता टॅक्स. १९५९ च्या मुंबई विक्रीकर कायद्याच्या जागी महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट आला. व्हॅटमध्ये खरेदीवर भरलेल्या कराचं सेट-ऑफ, म्हणजे वजावट, मिळायला लागलं, म्हणजे तुमचा हिशेब पहिल्यांदाच समोरच्याच्या हिशेबाशी बांधला गेला. फॉर्म ७०४ च्या व्हॅट ऑडिटमधले जे-१ आणि जे-२ ज्यांनी भरलेत त्यांना हे चांगलं आठवत असेल, जे-१ मध्ये कोणाला किती विकलं, जे-२ मध्ये कोणाकडून किती घेतलं, टिन नंबरवार (व्हॅटच्या नोंदणी क्रमांकानुसार), आणि दोन्हीकडचं जुळलं नाही की सेट-ऑफ अडकायचं. त्यात २०१३ च्या एप्रिलपासून पुणे, नागपूर, ठाणे वगैरे शहरांत जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, त्याचं वेगळं रजिस्टर, व्यापाऱ्यांनी त्यावर मोठा बंद पुकारला होता. मुंबईत तर जकात जीएसटी येईपर्यंत होती. या काळात सॉफ्टवेअर घेण्याचं कारण बदललं, आधी बेरीज चुकू नये म्हणून घ्यायचे, आता रिटर्न भरता यावं म्हणून घ्यायला लागले.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हे सगळं दसपट झालं. सुरुवातीला ३ बी हे महिन्याचं रिटर्न भरून लोक क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, घेत होते, सप्लायरने भरलं की नाही याची फार चौकशी नव्हती. मग ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम ३६(४) आला, पोर्टलवर दिसतं त्याच्यापेक्षा २० टक्के जास्तच क्रेडिट घेता येईल, मग ते १० टक्के झालं, मग ५, आणि जानेवारी २०२२ पासून जेवढं २ बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या तक्त्यात, दिसतं तेवढंच. म्हणजे सप्लायरने जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न भरलं नाही तर तुमचे पैसे अडकले. मला विचाराल तर वाढत्या धंद्यासाठी सगळ्यात मोठा बदल हा आहे. महिना दोनशे खरेदी बिलं असतील तर एक्सेलमध्ये २ बी उतरवून व्ही-लुकअप लावून भागतं, दोन हजार झाली की भागत नाही, कारण कोणी बिल नंबरात स्लॅश घालतो कोणी डॅश घालतो आणि मॅच होत नाही. सॉफ्टवेअर घेताना डेमोत डॅशबोर्ड बघण्यापेक्षा स्वतःचा एका महिन्याचा २ बी त्यांना द्या आणि समोर बसून जुळवून दाखवायला सांगा.

ई-इन्व्हॉइसचीही गंमत समजून घ्यायला हवी. १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झालं, तेव्हा छोट्यांनी लक्ष दिलं नाही. मग १००, ५०, २०, १० असं करत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आलं. बिलाचा डेटा पोर्टलला जातो, तिथून ६४ अक्षरी आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड येतो, त्याशिवाय ते बिल बिल धरलंच जात नाही. आणि २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी मर्यादा ओलांडली असेल तर लागू, यंदा धंदा कमी झाला म्हणून सुटका नाही. १० कोटींच्या वर असाल तर एप्रिल २०२५ पासून ३० दिवसांच्या आत बिल पोर्टलवर चढवावं लागतं. त्यामुळे आज ३ कोटींवर असलेल्या माणसाने ५ कोटींच्या उलाढालीला चालेल असं सॉफ्टवेअर बघावं असं मी ठामपणे सांगेन, मर्यादा एकतर तुम्ही ओलांडाल नाहीतर ती खाली येईल.

आता ती शिवलेली वही. टॅलीत ऑल्ट डी दाबलं की व्हाउचर डिलीट, मागची तारीख टाकून नवीन घाला, कुणाला पत्ता नाही. वर्षानुवर्षं सगळे असंच करत आले, बऱ्याचदा प्रामाणिक चूक सुधारायलाच, पण त्यात लबाडीलाही जागा होती. मार्च २०२१ मध्ये कंपनी कायद्याच्या नियमांत दुरुस्ती झाली, दोनदा पुढे ढकलून शेवटी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. कंपनी असेल तर असंच सॉफ्टवेअर वापरायचं ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही, आणि ऑडिटरला त्यावर रिपोर्टमध्ये लिहावं लागतं. प्रोप्रायटरी आणि पार्टनरशिपला हे लागू नाही. पण वाढता धंदा बऱ्याचदा बँकेच्या लोनसाठी किंवा भागीदार घेण्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड होतो आणि त्या दिवसापासून हा नियम लागतो, सीए कंपनी रजिस्टर करून देतो आणि सॉफ्टवेअर मात्र जुनंच चालू राहतं. सगळ्या मोठ्या सॉफ्टवेअरनी आता एडिट लॉग (बदलांची ही नोंद) दिलाय, आपलं व्हर्जन कुठलं आहे आणि तो चालू आहे का हे एकदा बघून घ्या.

क्लाउडचा भाग मी थोडक्यात घेतो कारण त्यात अजून इतिहास कमी आणि जाहिरात जास्त आहे. चेन्नईच्या झोहोने २०११ मध्ये झोहो बुक्स काढलं, जीएसटीनंतर ते खऱ्या अर्थाने पसरलं. अमेरिकेचं क्विकबुक्स इथे आलं, लोकांनी वर्षानुवर्षं डेटा त्यात टाकला आणि २०२३ मध्ये त्यांनी भारतातलं प्रॉडक्ट बंद केलं, सगळ्यांना डेटा काढून दुसरीकडे जावं लागलं. दिल्लीची बिझी २०२२ मध्ये इंडियामार्टने ५०० कोटींना घेतली. औषधांच्या होलसेलमध्ये बॅच आणि एक्स्पायरीमुळे मार्ग या सॉफ्टवेअरचा जोर पहिल्यापासून आहे. आणि आपल्या मुंबईची फ्रॅपे, २००८ ची कंपनी, तिचं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे नाहीत, पण बसवायला आणि चालवायला जाणकार माणूस लागतो आणि खर्च तिथे होतो. क्विकबुक्सचा अनुभव सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे, पूर्ण डेटा, नुसते रिपोर्ट नाहीत, एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का हे पैसे भरायच्या आधी करून बघायचं.

भोसरी एमआयडीसीतला एक साधा शॉप डोळ्यासमोर आणा. सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) टर्निंग करतो, पार्ट प्लेटिंगला बाहेर पाठवतो, परत आले की कस्टमरला देतो. चलनावर गेलेला माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, बाहेर पाठवलेल्या मालाचा आयटीसी-०४ हा फॉर्म भरायचा असतो, आणि प्लेटिंगवाला मायक्रो युनिट असेल तर आयकर कायद्यातल्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३ बी (एच)) लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत त्याचे पैसे द्यायचे, नाहीतर पैसे देईपर्यंत तो खर्च धरला जात नाही. अकाउंटंट संध्याकाळी दोन तास येतो, त्याला टॅली येतं. या माणसाला क्लाउड हवं का टॅली हवं हा प्रश्न दुय्यम आहे. त्याला चलनवार माल आणि बिलवार देणी दिसायला हवीत, ती आत्ताच्या टॅलीतही दिसतात, फक्त बिलवाइज डिटेल्स चालू करून प्रत्येक पेमेंट बिलाच्या समोर टाकावं लागतं आणि नेमकं तेच "ऑन अकाउंट", म्हणजे कुठल्या बिलाचं ते न सांगता, टाकून सोडून दिलेलं असतं.

बदलायचंच ठरलं तर १ एप्रिलला बदला, आणि ओपनिंग बॅलन्स एकरकमी न टाकता बिलवार टाका, कारण १८० दिवसांत सप्लायरचे पैसे दिले नाहीत तर घेतलेलं जीएसटी क्रेडिट उलटवावं लागतं आणि तारखा नसतील तर ते कळणारच नाही. जुन्या सॉफ्टवेअरचा डेटा उघडता येईल अशा स्थितीत ठेवा. जीएसटीत वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने आणि कंपनीला ८ वर्षं हिशेब जपावे लागतात, नोटीस आली की अधिकारी जुन्याच वर्षाचं लेजर मागतो.